काष्ठ आणि चर्म

वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या अंबरनाथच्या शिवालयापाशी आपल्या वयाचा लेखी पुरावा आहे. उत्तरेकडील दाराजवळच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हा काळ आणि शिलाहार महामंडलेश्वर माम्वाणी याचे नाव कोरलेले असल्यामुळे, या देवळाविषयी लिहू पाहणाऱ्याला आरंभीच एक भक्कम आधार मिळतो. आणि १८६८ साली सरकारी हुकमाने मुंबईच्या कलाशाळेच्या मंडळींनी येथील नक्षीचे साचे उतरवून घेतल्यापासून तर या पाषाणाचा इतिहास दफ्तरात कायमचा दाखल झाला आहे. परंतु ज्या जुन्या ठाणे जिल्ह्याच्या मुलखात हे देऊळ उभे राहिले, त्याच मुलखाच्या डोंगराळ अंगाला, जव्हार-मोखाड्याकडे, काष्ठशिल्पाची एक परंपरा नांदत आली आहे, तिला ना शक, ना शिलालेख, ना सूत्रधाराचे नाव. लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, आणि जुने निकामी झाले की त्याच रूपाचे नवे कोरले जाते. म्हणून या शिल्पाचे वय त्याच्या लाकडात शोधून सापडत नाही. ते शोधावे लागते त्या लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या जे चढवले गेले त्यात: रंगात, शेंदरात आणि कातड्यात.

कातड्याची गोष्ट या मुलखात राज्यस्थापनेपासून सुरू होते. जव्हारच्या मुकणे घराण्याच्या मूळ पुरुषाविषयी जी आख्यायिका गॅझेटियरकारांनी नोंदवून ठेवली आहे, ती अशी की, या कोळी पुरुषाने तेथील वारली नायकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती कबूल होताच त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापून, त्या एकीला एक जोडून, सगळा मुलूख वेढून टाकला. कार्थेजच्या राणीविषयी भूमध्य समुद्राच्या काठी हीच कथा सांगितली जात असे, हे त्याच गॅझेटियरकारांच्या ध्यानात आले होते. इ.स. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याचे राजेपद मान्य केले, आणि १९४८ साली हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. मधल्या सहा शतकांच्या राज्याच्या उगमाशी तलवार किंवा सनद नव्हे तर जनावराचे कातडे ठेवावे असे लोकांना वाटले, याचा अर्थ मी असा लावतो की, कातड्याने जे वेढले ते आपले झाले, ही समजूत त्या रानातल्या माणसाला सनदेच्या कागदापेक्षा अधिक जवळची होती.

त्याच रानात वाघदेव आहे. वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी यांच्या पाड्यांबाहेर, झाडाखाली किंवा शिवेवर, लाकडाची एक उभी फळी रोवलेली असते. तिच्यावर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात, क्वचित नागही असतो, आणि त्या सर्वांवर शेंदूर असतो. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी आणि गावकरी तेथे जमून वाघाला नैवेद्य देतात, आणि त्या नैवेद्याच्या मोबदल्यात त्याने वर्षभर गुरांच्या वाटेस जाऊ नये, असा जणू कौल त्याच्याकडून घेतात. कोरीवकाम म्हणून पाहू गेले तर ही फळी साधी असते, काही ठिकाणी इतकी साधी की, वाघ कोणता आणि कोल्हा कोणता हे अनोळखी माणसाला सांगता येऊ नये. पण तिच्यावरचा शेंदूर साधा नसतो. एकावर एक बसलेल्या त्या पुटांतले प्रत्येक पूट एका वर्षाचे, एका बोलीचे, एका वाचलेल्या वासराचे आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरून २०२२ साली कित्येक पिढ्यांनी चढवलेला हजार किलोंहून अधिक शेंदूर काढण्यात आला, आणि आतले मूळ कोरीव रूप दिसू लागले, तेव्हा पुष्कळांना देवीचे खरे दर्शन घडल्याचा आनंद झाला. तो मीही समजू शकतो. तरी जो शेंदूर उतरला, तोही देवीच होता, असे मला मनापासून वाटते. मूर्ती घडवणारे हात दोन किंवा चार. तो शेंदूर चढवणारे हात अगणित.

आवरणाचा हा महिमा जगात सर्वांत ठळकपणे कोठे दिसत असेल, तर तो पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया आणि कॅमेरून यांच्या सरहद्दीवर, क्रॉस नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या एजाघाम लोकांच्या शिल्पात. इंग्रज अंमलदार त्यांना शेजाऱ्यांनी दिलेल्या एकोई या नावाने ओळखत. टॅल्बट नावाच्या अंमलदाराने १९१२ साली त्यांच्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे लोक मऊ लाकडाचे मस्तक कोरतात, हरणाचे कातडे पाण्यात मुरवून नरम करतात, ते ओलेच असताना लाकडावर ताणून बसवतात आणि वाळेपर्यंत खुंट्यांनी व दोऱ्यांनी आवळून धरतात. वाळलेले कातडे आक्रसून गालफडे, ओठ आणि पापण्या यांच्या प्रत्येक उंचवट्याला असे काही चिकटते की, त्या मस्तकाला खरोखर त्वचा आल्याचा भास होतो. मग पाल्याच्या रसाने त्यावर रंग व खुणा उमटवतात, दात व डोळे बसवतात, आणि वेताच्या टोपलीवर ते बसवून नर्तक ते डोक्यावर धारण करतो. काही मस्तकांना दोन तोंडे असतात, एक काळे पुरुषाचे आणि एक उजळ स्त्रीचे. शत्रूचे शीर घेऊन नाचण्याच्या जुन्या प्रथेतून या शिल्पाचा उगम झाला, असे काही अभ्यासक मानतात. पण ज्या काळाची आपल्याला माहिती आहे, त्या काळात ती मस्तके त्यांच्या मंडळांच्या दीक्षेला आणि मृताच्या उत्तरक्रियेला नाचवली जात. गावाचा कारभार, कर्जाची वसुली आणि तंट्यांचा निवाडा ज्या मंडळाच्या हाती असे, त्या मंडळाचे दैवत बिबट्या होते, आणि त्या बिबट्याचा आवाज आतल्या खोलीत दडवून ठेवलेल्या, कातडे मढवलेल्या ढोलातून निघत असे. तेथला बिबट्या न्याय देतो, आमच्या शिवेवरचा वाघ करार पाळतो. दोघांनाही लाकूड पुरत नाही, वरून काहीतरी चढवावे लागते.

आमच्याकडे मानवी अंगावर चढणारे काष्ठशिल्प म्हणजे बोहाड्याचा मुखवटा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके आणि सह्याद्रीच्या पलीकडचे पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा सगळा पट्टा या उत्सवाचा. कोठे त्याला भोवाडा म्हणतात, कोठे आखाडी. शेतीची कामे आटोपल्यावर, होळीनंतर वैशाखापर्यंत, गावोगावी वेगवेगळ्या तिथीला तो होतो, आणि तीन, पाच, सात अशा रात्री चालतो. उंबर, सावर यांसारखे लाकूड घेऊन, वाकसाने त्याचा बाहेरचा आकार काढून आणि पटाशीने आतून पोखरून मुखवटा सिद्ध होतो; रावणासारखी पुष्कळ तोंडांची सोंगे लाकडात जड होतात म्हणून ती कागदाचा लगदा, माती आणि खळ यांची करतात. रामखिंडीसारख्या जव्हारजवळच्या गावात हे घडवणारे हात आजही आहेत. सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला आणि हनुवटीला आधी कापड गुंडाळतात, त्यावर मुखवटा दोरीने आवळून बांधतात. त्या विशाल रंगवलेल्या डोळ्यांतून नाचणाऱ्याला काहीच दिसत नाही; त्याला दिसते ते नाकपुड्यांच्या किंवा तोंडाच्या भोकांतून, आणि तेही पायापुढचे चार हात. त्यामुळे त्याचे पाऊल जपून, तालावर आणि एकाच मापाने पडते, आणि पाहणाऱ्याला त्या चालीत देवाची गंभीरता दिसते.

रात्र गणपतीने सुरू होते, मागून सरस्वती येते. मग पुराणातली आणि रानातली दैवते एकाच गल्लीतून, टेंभ्यांच्या उजेडात, एकामागून एक येत राहतात. ब्रह्मा, विष्णू, नरसिंह, हनुमान, रावण, त्राटिका यांच्याबरोबर म्हसोबा येतो, वेताळ येतो, खंडेराव येतो. यांच्यात वरचढ कोण हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. अखेरच्या रात्री पहाटेच्या सुमारास जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते, महिषासुर पडतो आणि उत्सव संपतो. पेरणीच्या आधी हे घडते. पावसाळ्याच्या उंबरठ्यावर देवीने असुर मारला म्हणजे पाऊस, पीक आणि रोगराई यांविषयी गाव निर्धास्त होतो. ही श्रद्धा भाबडी म्हणून सोडून देण्याजोगी नाही. ज्या डोंगरात एक पाऊस चुकला तर नागली-वरई चुकते आणि नागली चुकली तर माणूस मरतो, तेथे गावाने एकत्र उभे राहून संकटाचे तोंड प्रत्यक्ष पाहावे, त्याच्याशी झुंजावे आणि त्याला पडलेले पाहावे, याहून अधिक शहाणपणाची तयारी मला सुचत नाही.

या उत्सवाच्या व्यवस्थेचे नीट निरीक्षण केले तर तिचा सांगाडा आपल्या जुन्या ग्रामसंस्थेचा आहे, हे दिसून येते. कोणते सोंग कोणी आणायचे हे ठरलेले असते. अमुक घराकडे गणपती, तमुक घराकडे नरसिंह, असा मान पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो. काही गावांत सोंगांचा लिलावही होतो, पण तेथेही जुन्या घराचा शब्द वजनदार असतो. ज्या घराकडे मान, त्या घराने मुखवटा सांभाळायचा, उत्सवापूर्वी त्याला नवा रंग चढवायचा, फुटले-तुटले असेल ते सांधायचे, आणि त्या रात्री तो अंगावर घ्यायचा. पाटील-कुळकर्ण्यांच्या वतनांसारखे हेही एक वतनच आहे, मात्र त्याला जमीन नाही, सनद नाही, उत्पन्न नाही, केवळ कर्तव्य आहे. दरसालचा तो रंगाचा नवा हात हा या वतनाचा कबुलायतनामा होय. एजाघामचे कातडे एकदाच चढते, आमचे दरसाल चढते, एवढाच मला दोहोंत फरक दिसतो.

सावरीच्या लाकडाचा येथे एक उल्लेख करणे भाग आहे, कारण त्याने अंबरनाथचाही इतिहास घडवला. १९२०च्या दशकात एका स्वीडिश कंपनीने अंबरनाथला आगपेट्यांचा मोठा कारखाना काढला. त्या उद्योगाला मऊ, सरळ, पांढरे लाकूड लागे, आणि हिंदुस्थानात त्यासाठी सावर हे मुख्य झाड ठरले. डोंगरात ज्या जातीच्या झाडातून देवाचे मुख कोरले जाई, त्याच जातीच्या झाडाच्या काड्या होऊन रेल्वेने देशभर जाऊ लागल्या. जंगल खात्याच्या हिशेबात सावर हे एक इमारती नसलेले, हलक्या दराचे लाकूड होते. रानातल्या माणसाच्या हिशेबाला खात्याच्या वहीत रकाना नव्हता, आणि म्हणून त्या झाडाच्या तोडीबरोबर काय तुटले हे कोणत्याही अहवालात आलेले नाही.

मुखवट्याविषयी एवढे लिहून थांबणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. कारण सोंग चालते ते वाद्यावर, आणि वाद्य म्हणजे काष्ठावर अथवा धातूच्या भांड्यावर ताणलेले चर्म. संबळाची जोडी, ढोल, लाकडी कड्यावर मढवलेली हलगी, यांच्यावाचून नरसिंह एक पाऊल टाकत नाही. बकऱ्याचे कातडे पाण्यात भिजवून, केस खरवडून, ओले असतानाच कड्यावर ताणतात आणि वाळू देतात. क्रॉस नदीच्या काठी मस्तकासाठी जी क्रिया, तीच येथे आवाजासाठी. रात्री दवाने हलगी पडली, आवाज बसला, की पाचोळ्याचा जाळ करून तिचे तोंड शेकून घेतात आणि बोटाने टिचकी मारून पाहतात. दोन-तीनदा शेकल्यावर ती पुन्हा कडक बोलू लागते. क्रॉस नदीच्या खोऱ्यातून गुलाम म्हणून क्यूबात नेलेल्या लोकांनी हवानाजवळ १८३६ साली आपले बिबट्याचे मंडळ पुन्हा उभे केले, तेव्हा मुलूख, नदी सर्व काही सुटले असताना त्यांनी जे पहिल्याने नव्याने घडवले तेही बकऱ्याच्या कातड्याने मढवलेले ढोलच होते, आणि त्यातून आजही त्यांच्या दैवताचा आवाज निघतो.

पण हे कातडे येथे कोणी कमावले? मेलेले ढोर गावाबाहेर कोणी ओढले, ते कोणी सोलले, हलगी कोणी मढवली आणि कोणी वाजवली? महाराष्ट्रातल्या देशावरच्या आणि कोकणातल्या गावगाड्यात ही कामे महार, मांग, ढोर, चांभार यांच्या वाट्याला लावली गेली, तीही पिढीजात हक्क म्हणून. ज्यांच्या हातच्या चर्मातून देवाचा आवाज निघे, त्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती. देव जागा करण्याचे काम ज्यांचे, ते देवासमोर अपवित्र, असा हा व्यवहार शतकानुशतके निर्लज्जपणे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली ढोरे ओढण्याचे आणि मृत मांस खाण्याचे सोडा असे सांगितले, आणि पुढच्याच वर्षी कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले. १८७४ च्या त्या कायद्याने महाराला गावकीच्या कामाशी बांधून ठेवले होते. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ चा. अनेक गावांत त्यानंतर, आणि काही ठिकाणी त्याआधीच, हलगी खाली ठेवली गेली. उत्सव मुका झाला म्हणून हळहळणारे लेख मी वाचले आहेत. ती हळहळ मला पटत नाही. मानाचे वतन आणि बेगारीचे वतन ही दोन्ही एकाच खांबाला बांधलेली होती. नरसिंहाचा मुखवटा ज्या घराकडे राहिला त्या घराची स्तुती करताना, ज्या घराने कातडे खाली ठेवले त्याच्याही निर्णयाला तेवढाच मान दिला पाहिजे. डोंगरपट्ट्यात, जेथे गाव बहुतांशी एकाच आदिवासी समाजाचा किंवा दोन-तीन आदिवासी समाजांचा, तेथे वाद्य आणि सोंग यांतले हे अंतर इतके क्रूर नव्हते. बोहाडा तेथे अधिक टिकला, त्याचे एक कारण मला यात दिसते.

उल्हासनगरची हकिकत या ओघात परकी वाटू नये. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या छावणीची उल्हासनगर ही वसाहत झाली. त्यांची देवळे, त्यांचे दर्गे, त्यांच्या सिंधूचा काठ सर्व काही मागे राहिले होते. परंतु त्यांच्या झुलेलाल या दैवताचा बहराणा मागे राहण्याजोगा नव्हता, कारण तो कधी पाषाणाचा नव्हताच: ताटात कणकेचा दिवा, कलश, नारळ, खडीसाखर, फुले, तो दर वेळी नव्याने सिद्ध होतो, ढोल-शहनाईवर पुरुष छेज नाचतात, आणि शेवटी तो पाण्यात सोडला जातो. ज्यांना घर सोडावे लागले त्यांच्या उपयोगी कोणती मूर्ती पडते, हे उल्हासनगरात स्पष्ट दिसते. दरसाल नव्याने करावी लागणारी मूर्तीच त्यांना सोबत आणता आली.

जव्हार-मोखाड्याच्या माणसालाही आता घर सोडावे लागते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात, त्यांतली कित्येक भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहतात. बदलापूरच्या नव्या इमारतींच्या विटा ज्यांनी भाजल्या, त्यांच्यापैकी कोणाच्या घराकडे म्हसोबाचा मान असेल, कोणाकडे वेताळाचा. भट्टीच्या मालकाच्या हजेरीपटावर मात्र तो एक जोडी आणि अमुक हजार विटा एवढाच असतो. होळीला ही माणसे परत फिरतात, आणि ज्यांच्या गावचा बोहाडा होळीनंतर, त्यांना मुखवट्याला रंग देण्यापुरते दिवस मिळतात. भट्टीच्या मालकाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटली नसेल तर तेही मिळत नाहीत. मग सोंग कोण घेणार, हा प्रश्न गावापुढे येतो, आणि तो भावाबंदांत वाटून सोडवला जातो किंवा ते सोंग त्या वर्षी निघत नाही.

पुण्याच्या आदिवासी संग्रहालयात बोहाड्याचे मुखवटे पाहायला मिळतात. ते जतन केले याबद्दल त्या संस्थेचे ऋण मानले पाहिजे. परंतु भिंतीवर टांगलेल्या मुखवट्याला पुढच्या वर्षीचा रंग लागत नाही, आणि त्याच्याखालच्या पाटीवर जमात, तालुका आणि लाकूड लिहिलेले असले तरी मान कोणाचा हे लिहिलेले नसते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जुन्या ठाणे जिल्ह्याची दफ्तरे वाटली गेली, गावांचे नकाशे वाटले गेले. त्या वाटणीत या वतनांचा एकही कागद नव्हता, कारण तो कधी झालाच नव्हता. तो आता व्हावा. गावोगावच्या बोहाड्याची एक नोंदवही असावी, आणि तीत कोणते सोंग कोणत्या घराकडे, मुखवटा कोणत्या झाडाचा, कोणी कोरला, शेवटचा रंग कोणत्या साली आणि कोणाच्या हाताने लागला, संबळ कोणाचा, त्याचे कातडे कोणी मढवले, कोणत्या वर्षी कोणते सोंग निघाले नाही आणि त्या वर्षी ते घर कोणत्या भट्टीवर होते, हे सगळे त्या त्या घरच्या माणसांनी स्वतः सांगितलेले, त्यांच्या बोलीत, जसेच्या तसे लिहिलेले असावे.